ग्वानीनची भाजी

सरांच्या घरी मी पहिल्यांदा जेवले तेव्हा काकूंनी ताटात वांग्याची भाजी वाढली आणि म्हणाल्या, "घे, आज ग्वानीन आहे." मला वाटलं, एखादा नवा मसाला असेल. दोन घास झाल्यावर सरांनी विचारलं, टोमॅटो लागला का. मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, तो कितव्या नंबरच्या वांग्यावर होता. मी काकूंकडे पाहिलं. काकू भाकरी मोडत होत्या. त्यांनी मान वर न करता मला हळूच सांगितलं, "सहाव्या म्हण."

सर नाशिकच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे आणि माझे पीएच.डी.चे गाइड होते. केमिस्ट्री म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे परीक्षानळ्या, धूर आणि पांढरा कोट येतो. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं, आमची सगळी केमिस्ट्री कॉम्प्युटरवर चालायची. आपल्या पेशींत डीएनए असतो आणि डीएनएत चार बेस असतात, ॲडेनीन, थायमीन, सायटोसीन आणि ग्वानीन. किरणोत्साराने शरीरातलं पाणी फुटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा एक तुकडा मोकळा होतो. त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जोडीविना सुटा असतो, म्हणून तो दिसेल त्याला जाऊन चिकटतो, आणि चौघांत ग्वानीन त्याच्या तावडीत सगळ्यात आधी सापडतं. तो ग्वानीनच्या कोणत्या अणूवर बसतो आणि बसायला किती ऊर्जा लागते, हे सगळं पापणी लवायच्या कितीतरी आधी ठरून जातं. ते कुणाला दिसत नाही, म्हणून गणिताने काढायचं. त्या गणितात माझी सहा वर्षं गेली.

माझे वडील सायखेड्याला भाजीपाला करतात. त्यांना मी हे सगळं एकदा ओट्यावर बसून समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी ते दिसत नाय, हातात घावत नाय, आन तू त्याचं गनित मांडती. बरं. पन ते खरं हाय का खोटं, हे कोन बघतं?" मी हा प्रश्न सरांना सांगितला तर सर दिवसभर खुशीत होते. वडिलांना माझ्या व्हायवाला परीक्षक म्हणून बोलावता येईल का, याची त्यांनी कार्यालयात खरोखर चौकशी केली.

सरांचा एक नियम होता. जो रेणू आपण हाताने बनवला नाही तो कॉम्प्युटरमध्ये घालायचा नाही. विभागाच्या कपाटात प्लॅस्टिकच्या रंगीत गोळ्यांचा तयार संच पडून होता, पण सर त्याला हात लावत नसत. त्या गोळ्या आपोआप जागेवर बसतात, त्यामुळे माणसाचं लक्ष राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते भाजी वापरत. कार्बन काळा, म्हणून छोटी काळी वांगी. ऑक्सिजन लाल, म्हणून टोमॅटो. हायड्रोजन पांढरा आणि चिमुकला, म्हणून लसणाची पाकळी. नायट्रोजन निळा दाखवतात आणि निळी भाजी देवाने केलेली नाही, याबद्दल सरांचा देवावर कायमचा राग होता. शेवटी कांद्यावर तडजोड झाली. हे सगळं कोऱ्या खराट्याच्या काड्यांनी जोडायचं, ताटात ठेवायचं, एकेका अणूला बोट लावून नंबर म्हणायचे, कोण कुणाला जोडलंय त्याचा तक्ता वहीत उतरवायचा आणि मगच कॉम्प्युटरपाशी जायचं. संध्याकाळी सर तो रेणू डब्यात घालून घरी न्यायचे आणि काकू त्याची भाजी करायच्या.

ग्वानीनला पाच वांगी, पाच कांदे, पाच लसूण पाकळ्या आणि एक टोमॅटो लागतो. कुणाही बाईला विचारा, प्रमाण वाईट नाही. ॲडेनीनमध्ये टोमॅटोच नाही, त्यामुळे काकूंना ते मुळीच आवडायचं नाही. थायमीनला दोन टोमॅटो आणि कांदेही दोनच. घरी पाहुणे यायचे असले की काकू सकाळीच बजावायच्या, आज थायमीनवर काम करा. लग्नाला तीस वर्षं झालेल्या या बाईने केमिस्ट्रीचं एकही पुस्तक उघडलेलं नव्हतं, पण डीएनएचे चारही बेस तिला चवीवरून ओळखता येत होते.

तो सुटा इलेक्ट्रॉन सरांच्या डोक्यात इतका बसला होता की विषम संख्या त्यांना सोसायचीच नाही. तीन माणसं बाकावर बसलेली दिसली की सर चौथे जाऊन बसायचे, ओळख असो वा नसो. एका निरोप समारंभाला विभागाचा फोटो काढायचा होता आणि आम्ही भरलो नऊ. सरांनी फोटोवाल्याला थांबवलं, फाटकाबाहेर गेले आणि रसवंतीवाल्याला हाताला धरून घेऊन आले. खुर्ची एकच रिकामी होती, ती प्राचार्यांच्या शेजारची. तो फोटो अजून विभागात लावलेला आहे आणि नवीन आलेले प्राध्यापक त्या गृहस्थांना माजी विभागप्रमुख समजतात. रसवंतीवाल्याने त्या फोटोची एक प्रत मागून घेतली आणि गाड्यावर लावली.

रासायनिक क्रिया व्हायची तर रेणूंना मधे एक घाट चढून उतरावा लागतो. त्या घाटाच्या माथ्याची खूण अशी की जायच्या वाटेने पाहिलं तर ती जागा सगळ्यात वर आणि आजूबाजूने पाहिलं तर सगळ्यात खाली. वर्गात हे कुणाला कळेना. तेव्हा सरांनी आम्हा चौघांना एसटीत बसवलं आणि पेठ रस्त्याच्या घाटात एका खिंडीपाशी उतरवलं. दोघांना रस्त्याने दोन बाजूंना उतारावर धाडलं, दोघांना दोन्हीकडच्या डोंगरांवर चढवलं आणि स्वतः खिंडीत उभे राहून ओरडून विचारलं, मी वर आहे का खाली? रस्त्यावरचे म्हणाले वर, डोंगरावरचे म्हणाले खाली. सर इतके खूश झाले की परतीची बस त्यांच्या समोरून गेली आणि त्यांनी हात केला नाही. तिथे शेळ्या चारणाऱ्या एका आजोबांनी काही हरवलंय का म्हणून विचारलं, तर सर म्हणाले, हरवलं नाही, सापडलं. आजोबांनी दुसरी गाडी चार वाजता असल्याचं सांगितलं आणि आम्ही ऊन खात तिथेच बसलो.

आमचे कॉम्प्युटर म्हणजे अंबडच्या एका कारखान्याने काढून टाकलेली आठ खोकी. सरांनी ती एका खोलीत ओळीने मांडून एकमेकांना जोडली होती. एकेक गणित आठ-नऊ दिवस चालायचं आणि तेवढा वेळ त्या खोक्यांच्या मागून गरम वारा यायचा. तो वाया कसा घालवायचा म्हणून काकू डब्यातून कुरडया पाठवायच्या. पावसाळ्यात सगळ्या स्टाफचे ओले मोजे तिथे वाळत असायचे. एकदा तपासणीसाठी बाहेरची समिती आली आणि त्यांनी त्या मोज्यांकडे बोट दाखवून विचारलं, हे काय. सर म्हणाले, उपयोजित संशोधन.

भेटल्यावर लोक विचारतात, काय म्हणता, बरे आहात ना. सर विचारायचे, "आकडा आला का?" मला ताप आला होता तेव्हा ते आणि काकू सायखेड्यापर्यंत भेटायला आले, आणि दारातून आत येता येता त्यांनी हेच विचारलं. माझ्या आईने थर्मामीटर आणून दाखवला.

सरांच्या नावावर मोठा असा पेपर एकच होता, चौदा वर्षांपूर्वीचा. हायड्रॉक्सिल रॅडिकल ग्वानीनच्या आठव्या कार्बनवर बसायला किती ऊर्जा लागते, त्याचा आकडा त्यात होता. त्या पेपरचं पहिलं पान चौकटीत घालून घरच्या दिवाणखान्यात लावलेलं होतं आणि दसऱ्याला टीव्ही, फ्रिज आणि स्कूटर यांच्याबरोबर त्यालाही झेंडूचा हार असायचा. चौदा वर्षांत जगातल्या अकरा जणांनी आपापल्या लेखांत त्या पेपरचा उल्लेख केला होता. सर त्यांना 'आपली अकरा माणसं' म्हणायचे. एक पोलंडमध्ये, एक ब्राझीलमध्ये, एक वाराणसीत, एक गुवाहाटीत, अशी सगळीकडे पसरलेली. सरांनी त्यांपैकी एकालाही पाहिलेलं नव्हतं. पण पोलंडमध्ये पूर आल्याची बातमी लागली तेव्हा सरांचं दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. आपल्या माणसाचं घर नदीच्या कोणत्या बाजूला आहे, हे त्यांना कळत नव्हतं.

आता मुद्द्यावर येते. माझ्या प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात मी तेच गणित नव्या, जास्त चांगल्या पद्धतीने केलं होतं, आणि माझा आकडा सरांच्या आकड्याशी जुळत नव्हता. थोडाथोडका फरक असता तर सोडून दिला असता. सरांच्या आकड्यापुढे माझा आकडा पोरकट दिसत होता. सर म्हणाले, पुन्हा कर. मी पुन्हा केला, तोच आला. पद्धत बदलून केला, भोवती पाणी धरून केला, तरी तोच आला. सात महिने मी एकच आकडा काढत होते. तो जुळल्याशिवाय सर प्रमाणपत्रावर सही करणार नव्हते, आणि गाइडच्या सहीशिवाय प्रबंध कुणी घेत नाही. माझी मुदत आधीच एकदा वाढवून झालेली होती. मार्चच्या शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत प्रबंध विद्यापीठाच्या नाशिकमधल्या कार्यालयात पोचला नाही तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात जाणार होती. मी रोज बसमधून येताना गुपचूप रडायचे आणि कॉलेजात तोंड धुऊन कामाला लागायचे.

वडील एकदा वांग्यांची गोणी घेऊन सरांकडे आले. म्हणाले, "सर, लय दिस झाले. माझ्या वांग्यात काय खोट आसंल तर सांगा, दुसऱ्या जातीचं लावतो." सरांनी त्यांना वांग्यांत दोष नसल्याची खात्री दिली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, दोष करणाऱ्यात आहे. ते मला लागलं.

मार्च उजाडल्यावर मी सरांकडे त्यांची जुनी वही मागितली, चौदा वर्षांपूर्वीचा तक्ता जिच्यात होता ती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही त्यांनी मोठ्या अभिमानाने दिली आणि नीट अभ्यास कर म्हणून सांगितलं. रविवारी सकाळी सायखेड्याला ओट्यावर बसून मी त्या वहीतल्या तक्त्यावरून ओळीओळीने सरांचं ग्वानीन बनवलं. शेजारच्या ताटात माझं ठेवलं. दोन्ही सारखीच दिसत होती. मी तासभर दोन ताटांकडे बघत बसले. वडील शेतातून आले, त्यांनी हातपाय धुतले, पाणी प्यायले आणि ताटांकडे बघून म्हणाले, "ह्याचं वरचं वांगं ह्या कांद्याला, आन त्याचं त्या कांद्याला. आसं का गं?"

इथे थोडं सांगायला हवं. डीएनएत ग्वानीनच्या नऊ नंबरच्या कांद्याला साखर जोडलेली असते. ती सगळी साखर गणितात घेतली तर आमची आठ खोकी जागच्या जागी बसली असती. म्हणून साखरेच्या जागी एक जादा वांगं लावायचं आणि त्याला तीन लसूण पाकळ्या, असा सगळ्यांचाच रिवाज आहे. आठ नंबरच्या वांग्याच्या एका बाजूला सात नंबरचा कांदा आणि दुसऱ्या बाजूला नऊ नंबरचा. माझं जादा वांगं नवाला होतं. सरांचं साताला. म्हणजे चौदा वर्षांपूर्वी सरांनी जे गणित केलं, ते डीएनएत नसलेल्याच रेणूचं होतं. आकडा बरोबर होता, पण वांगं चुकीच्या कांद्यावर होतं.

मला आनंद झाला असेल असं कुणाला वाटेल. तो झाला नाही. मी वही तीनदा ताडून पाहिली. तो दसऱ्याचा हार आणि पोलंडमधला पूर माझ्या डोळ्यांपुढून हलेना. गप्प बसावं, असंही मनात आलं. पण गप्प बसले असते तर माझा आकडा जन्मात जुळला नसता. सोमवारी मी दोन्ही ताटं मांडीवर घेऊन नाशिकच्या बसमध्ये बसले. कंडक्टरने नैवेद्य कुठे निघाला म्हणून विचारलं आणि शेजारच्या बाईंना सरकून बसायला सांगितलं.

सरांच्या टेबलावर मी ताटं शेजारी शेजारी ठेवली. सरांनी सवयीने बोट लावून नंबर म्हणायला सुरुवात केली. माझं ताट झालं. दुसरं सुरू केलं आणि ते सातावर थांबले. पुन्हा पहिल्यापासून म्हणाले आणि पुन्हा सातावर थांबले.

"हे कुणाचं?"

"तुमच्या वहीवरून केलंय, सर."

"तू उतरवताना चुकली असशील."

मी वही उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, ओळ वाचली. मग त्यांनी ते जादा वांगं काडीसकट उपटलं, शर्टाच्या खिशात घातलं आणि घरी निघून गेले. पुढचे चार दिवस ते कॉलेजात आले नाहीत.

चौथ्या दिवशी काकूंचा फोन आला. म्हणाल्या, त्यांनी ती चौकट भिंतीवरून उतरवून ठेवली आहे आणि धड जेवत नाहीत. "मी मुद्दाम भेंडी केली होती गं. भेंडीत काही नाही ना?" भेंडीत काही नाही, असं मी त्यांना सांगितलं. मला फार वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी मार्चचे दिवस मोजत होते, याचीही लाज वाटत होती.

पाचव्या दिवशी सर आले ते थेट कारण घेऊनच. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी तो रेणू रविवारी घरी बनवला होता. जेवणाची वेळ झाली म्हणून काकूंनी ताट सरकवलं. जेवण झाल्यावर सर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि हात रोजच्या सवयीने खालच्या कांद्याकडे गेला. उलट्या बाजूने बघितलं की खालचा कांदा नऊ नंबरचा राहत नाही, सात नंबरचा होतो. हे सगळं त्यांनी घरी ताट फिरवून फिरवून सिद्ध केलं होतं. काकूंना सांगितलं तर काकू म्हणाल्या, म्हणजे शेवटी माझंच चुकलं म्हणा.

मला वाटलं, संपलं. मी प्रमाणपत्राचा कागद पुढे केला. सरांनी तो बाजूला ठेवला. ते म्हणाले, ज्या मासिकात पेपर आला होता त्यांना दुरुस्ती पाठवली आहे, तुझ्या नावासकट. पण आपल्या अकरा माणसांना कळवल्याशिवाय मला कशावरच सही करता येणार नाही. त्या माणसांनी आपल्या आकड्यावर विसंबून पुढे काय काय बांधलं असेल. कुणाची इमारत पडली असेल तर ती आधी बघायला हवी, नंतर तुझं प्रकरण.

त्या दिवशी मी सरांवर पहिल्यांदा आणि शेवटचं ओरडले. "सर, मार्च संपायला अठरा दिवस राहिलेत. त्यांची इमारत पडली का नाही माहीत नाही, माझी पडतेय."

सर म्हणाले, "तुझी पडणार नाही. तुझं वांगं बरोबर आहे." आणि ते पत्रं लिहायला बसले.

अकरा ईमेल गेले. प्रत्येकात दोन पानांची माफी आणि शेवटी वांगी-कांद्यांची आकृती. दोन ईमेल पत्ता नाही म्हणून परत आले. ब्राझीलहून आपोआप उत्तर आलं की साहेब निवृत्त झाले आहेत. सर रोज सकाळी मेल उघडायचे आणि माझ्याकडे न बघता मान हलवायचे. मी रोज प्रमाणपत्राचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवायचे आणि संध्याकाळी उचलून न्यायचे. शेवटच्या आठवड्यात पोलंडवाल्याचं उत्तर आलं. फार सभ्य माणूस. त्याने लिहिलं होतं की आमच्या निष्कर्षाला धक्का लागत नाही, कारण तुमचा आकडा आम्ही कुठे वापरलेला नाही, प्रस्तावनेत फक्त नाव घेतलं होतं. सरांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने तेच निघालं. गुवाहाटीच्या बाईंनी मोकळेपणाने कळवलं की दुसऱ्या कुणाच्या यादीतून त्यांनी तो उल्लेख जसाच्या तसा उचलला होता.

शेवटचा दिवस उजाडला आणि वाराणसी उरली. सकाळी साडेदहाला सरांनी तिथल्या प्राध्यापकांना फोन लावला, स्पीकरवर. आपल्या नाशिकच्या हिंदीत त्यांनी सगळी चूक सांगितली, सातचा कांदा, नऊचा कांदा. पलीकडचे गृहस्थ बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "कौन सा पेपर, भाईसाहब?" सरांनी पेपरचं पूर्ण नाव सांगितलं. ते म्हणाले, हां हां, होगा, विद्यार्थी ने डाला होगा, आप चिंता मत कीजिए।

सरांनी फोन ठेवला. चौदा वर्षं ते अकरा माणसांची काळजी करत होते आणि ज्यांची उत्तरं आली त्यांच्यापैकी एकानेही तो पेपर धड वाचलेला दिसत नव्हता. चूक असल्याचं कळलं तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा एवढा उतरला नव्हता. मी प्रमाणपत्राचा कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं.

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. "मी तुझा प्रबंध सलग वाचलेला नाही," ते म्हणाले. "प्रकरणं सुटी सुटी पाहिली, आकडे पाहिले. पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला नाही. न वाचता सही करायची म्हणजे मग मीही त्या अकरातलाच."

मी घड्याळाकडे पाहिलं. पावणेअकरा. प्रबंध दोनशे चौदा पानांचा होता.

सरांनी तो उघडला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. ओठ हलत होते. मी समोर बसून नखं खात होते. बारा वाजता ते सत्तेचाळिसाव्या पानावर होते. एक वाजता काकूंचा डबा आला, तो तसाच राहिला. दीड वाजता मी म्हटलं, सर, प्रत्येक प्रकरणाखालची संदर्भसूची नाही वाचली तरी चालेल. ते म्हणाले, तीच तर नीट वाचायला हवी, आणि प्रत्येक नावापाशी थांबून मला विचारायला लागले, हे तू वाचलंयस? मी हो म्हणत गेले. तीन ठिकाणी मला हो म्हणता आलं नाही. सरांनी ती तीन नावं चारही प्रतींत पेनाने खोडली आणि बाजूला सही केली. तीन वाजता मला राग येणंही बंद झालं. मी नुसती बघत राहिले. सहा वर्षं मी जे लिहीत होते ते एक माणूस माझ्यासमोर बसून, पाणीसुद्धा न पिता, शब्दन् शब्द वाचत होता. असं पुन्हा कधी होणार नाही हे मला तेव्हाच कळत होतं.

चार वाजून पाच मिनिटांनी सरांनी शेवटचं पान उलटलं, प्रमाणपत्रावर सही केली, तारीख घातली आणि म्हणाले, चल. मी स्कूटरच्या मागे प्रबंधाच्या चार प्रती पोटाशी धरून बसले. द्वारकेच्या चौकात नेहमीप्रमाणे गाड्या अडकल्या होत्या. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा फुटपाथवरून स्कूटर घातली. एका पोलिसाने शिट्टी वाजवली तर सर त्याला जाता जाता म्हणाले, पीएच.डी. आहे.

कार्यालयात पोचलो तेव्हा पाचाला आठ मिनिटं कमी होती. खिडकीतल्या क्लार्कने प्रती मोजल्या, सही बघितली, पावतीवर शिक्का मारला आणि मागे वळून प्रबंध जमिनीवरच्या ढिगावर ठेवला. आतलं एक पानही त्याने उघडलं नाही, आणि त्याचं ते कामही नव्हतं. मी पावती घेतली. मला एकदम हुंदका फुटला. मी सरांकडे वळले, तर सर खिडकीच्या गजांत तोंड घालून आत बघत होते.

"साहेब," ते त्या क्लार्कला म्हणाले, "वेळ मिळाला तर त्यातलं पाचवं प्रकरण वाचा. फार चांगलं झालंय."

क्लार्क म्हणाला, बरं, वाचतो, आणि त्याने खिडकी लावून घेतली. सहा वर्षांत सरांनी माझ्या कामाला चांगलं म्हटलं ते एवढंच, आणि तेही मला नाही, त्या क्लार्कला.